कडीच्या डब्यावरचं नाव

कर्जत तालुक्यात कुणाचं बिऱ्हाड हलायचं असलं की आधी मुहूर्त बघतात आणि मग कडावच्या शकूला फोन लावतात. शकू मोकळी नसेल तर मुहूर्त पुढं ढकलतात. भटजी दुसरा मिळतो हो, शकू दुसरी मिळत नाही.

वय बावन्न, अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. नवरा गजा, त्याचा स्वतःचा टेंपो. "मी गाडी हाकतो नि ही मला हाकते," असं गजा सगळ्यांना सांगतो, पण ती आसपास नसली तरच. मुंबईहून पुठ्ठ्याचे खोके घेऊन येणाऱ्या कंपन्यांची शकू भारी टर उडवते. "खोक्यावर किचन लिवतात नि आत चपला भरतात मेले!" ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावत लावत वाचते, म्हणून पोत्यांवर खडूनं चित्रं काढते. चूल काढली की ते स्वयंपाकघरात जायचं, खाट काढली की आतल्या खोलीत. खाटेचे नटबोल्ट चिंधीत बांधून त्याच खाटेच्या पायाला. बरण्या गोधडीत, आरसा दोन गाद्यांच्या मधे. आणि पहिल्या चहाचं बोचकं वेगळं, त्यात पातेलं, गाळणी, चहा, साखर, लायटर. ते गजाच्या पायाशी राहतं. नव्या घरात पोचल्यावर बाई लायटर शोधत बसली तर सामान बांधणारा गाढव होता असं समजावं, हे शकूचं म्हणणं.

पण एवढ्यावर कुणी मुहूर्त पुढं ढकलत नाही. शकूची खरी ख्याती हाकेसाठी होती.

सामान गाडीत चढलं, घर झाडून झालं, माणसं बसली, की शकू एकटी मागं फिरते. रिकाम्या घराच्या उंबऱ्याबाहेर, घराकडं तोंड करून उभी राहते आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारते. जिवंत असतील त्यांना मारते, गेलेल्यांनाही मारते. त्या चुलीवरचं जो जो जेवला त्याला त्याला 'चला' म्हणायचं. मग पाठ फिरवून गाडीत येऊन बसायचं. मागं वळून बघायचं नाही.

हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. तान्हं मूल घेऊन माहेराहून निघालं की वेशीवर त्याचं नाव घेऊन 'चल रं बाबा घरी' म्हणायचं. नाही तर पोराचा जीव तिथंच खेळत राहतो आणि पोर इकडं किरकिरत बसतं. "नाव घेतलं की जीव उठतो गं शकू," आई म्हणायची, "मंग तो कुटं का असंना." लोक सुरुवातीला हसले. मग नेरळकडच्या एका म्हाताऱ्याला नव्या घरात सहा महिने डोळ्याला डोळा लागला नाही. शकू त्याच्या जुन्या घरी गेली, त्याच्या मेलेल्या भावाला हाक मारून घेऊन आली, आणि म्हातारा त्या दिवशी दुपारीच घोरायला लागला. तेव्हापासून कुणी हसलं नाही.

आता एवढी नावं मिळतात कुठून? घरच्यांना विचारून उपयोग नाही. घरचे विसरतात, नाही तर मुद्दाम गाळतात. कुणाची पळून गेलेली आत्या असते, कुणाची पहिली बायको. म्हणून शकू भांडी वाचते. लग्नकार्याला गावभरची भांडी एकत्र होतात, ज्याचं त्याला परत जावं म्हणून आपल्याकडं भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालतात. माणूस खोटं बोलेल, ताट नाही बोलणार. ताटं, तांबे, पराती गुंडाळता गुंडाळता शकू त्यांवर बोट फिरवते आणि नावं मनात धरते. आजवर तिचा हा हिशेब चुकला नव्हता.

गेल्या फेब्रुवारीत कडावातल्याच सहदेवबाबांचं बिऱ्हाड हलायचं ठरलं. त्यांचा मुलगा विपुल खालापूरकडं एका कारखान्यात लागलेला. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन पोराची पाठ मोडून गेली. म्हणून त्यांनी कुंभिवलीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. घरात माणसं चार. सहदेवबाबा, विपुल, सून हर्षला आणि पाच वर्षांची नात आरोही. सहदेवबाबांची बायको भागूबाई नात जन्मायच्या आधीच गेलेली.

"शकू, एकवेळ सामान ऱ्हायलं तरी चालंल," सहदेवबाबा सकाळीच सांगून गेले, "पन माज्या भागूला नीट हाक मार. लाजरी बाई ती. एका हाकंत यायची नाय."

"दोन मारीन बाबा. तुमी जा, शेजारीपाजारी भेटून या. मधे मधे लुडबुडू नका."

म्हातारा निरोप घ्यायला गेला आणि शकू माळ्यावर चढली. तिथं जुन्या टोपांच्या मागं एक स्टीलचा कडीचा डबा हाती लागला. झाकण घट्ट बसलेलं, आत काही नाही. घासून घासून अक्षरं पुसट झालेली. शकूनं पदरानं पुसून बोट फिरवलं. गौ, रा, बा, ई. पुढचं आडनाव पार गेलेलं.

"हर्षला, गौराबाई कोन गं तुमच्यात?"

"काय म्हायती मावशी. सासूबाईंच्या कुणी असतील जुन्या."

शकूनं ते नाव इतर नावांबरोबर मनात धरलं. असेल कुणी आजेसासू, म्हणाली, आणि डबा गोधडीत गुंडाळला.

बारा वाजून गेल्यावर घर मोकळं झालं. गाडीत गजा, पुढं मांडीवर देव घेऊन सहदेवबाबा, मधे आरोही. विपुल आणि हर्षला मोटारसायकलवर. शकू उंबऱ्याशी आली. ऊन रखरखीत, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिनं हाका मारायला सुरुवात केली. "सहदेवबाबा, चला. विपुल, चल रं. हर्षला, आरोही, चला." जिवंत माणसांच्या हाकेला काही वाटत नाही, तशीच ती म्हणून गेली. "भागूबाई, चला. अवो भागूबाई, लाजू नका, चला." तिच्या पोटऱ्यांवरून गार वारा गेला, घरातून बाहेरच्या दिशेनं. शकूला त्याची सवय होती. ती मनातल्या मनात म्हणाली, बरं झालं बाई.

मग तिनं शेवटचं नाव घेतलं. "गौराबाई, चला."

घरातून काही आलं नाही. शकू थांबली. आणि मग तिच्या पाठीमागून, गल्लीच्या बाजूनं, कुणीतरी आलं. लांबून लगबगीनं चालत आल्यासारखं, धापा टाकत. तिच्या अगदी उजव्या खांद्याशी येऊन उभं राहिलं. वालाच्या ओल्या शेंगांचा वास आला.

इतक्या वर्षांत जे जे आलं ते घरातून आलं होतं, बाहेरून कधीच नाही. मागं बघायचं नाही हा नियम तिचा स्वतःचा, म्हणून तिनं मान खाली घातली, पावलांकडं बघत गाडीशी गेली आणि मागं सामानावर चढून बसली. गाडी निघताना पुढून आरोहीचा आवाज आला. "आजोबा, सरका ना! आजीला जागाच नाय."

सहदेवबाबा दाराला चिकटून बसले आणि कर्जतचा चारफाटा येईपर्यंत डोळे पुसत राहिले. भागू आली म्हणाले.

कुंभिवलीला मीठ गेलं, केरसुणी गेली, देव गेले, वीस मिनिटांत पहिला चहा झाला. चित्रं बघून पोती ज्या त्या खोलीत गेली. हर्षला म्हणाली, मावशी, माझ्या लग्नात पण एवढं नीट झालं नव्हतं. शकूला बरं वाटलं. फक्त आरोहीनं गोधडी सोडून तो कडीचा डबा काढून घेतला होता आणि गॅलरीत बसून त्याच्याशी, की आणखी कुणाशी, हळू हळू बोलत होती. बोलायची, थांबायची, ऐकून घेतल्यासारखी मान हलवायची, परत बोलायची. शकूनं तिच्याकडं फार बघितलं नाही.

संध्याकाळी घरी पोचते तोच भावाचा फोन. भाऊ जयवंता कळंबला राहायचा, एका रिसॉर्टवर माळी होता. त्याची बायको संजना तिथल्याच स्वयंपाकघरात. शकूची आई त्यांच्याकडं.

"ताई, आय कायतरी करायला लागलीय. कोनाला वळखत नाय. डॉक्टर येऊन गेला. म्हनतो नाडी ठीक, बीपी ठीक. उद्या पनवेलला नेऊन डोक्याचा फोटो काढा."

रात्र शकूनं कशीबशी काढली आणि उजाडताच गजाला घेऊन कळंब गाठलं. आई दाराच्या उंबऱ्यावर बसलेली होती. डोळे उघडे. उजवा डोळा रस्त्याकडं लागलेला, डावा मोतीबिंदूनं पांढरा. मांडीवर काही नव्हतं, पण बोटं चालू होती. अंगठ्यानं शेंग फोडावी, दाणे खाली सोडावे, साल बाजूला टाकावी, असं एकसारखं चाललेलं. तिला उचलून आत नेलं तरी ती सरपटत परत उंबऱ्याशी यायची, असं संजना म्हणाली.

"आय! अगं आय!" शकूनं तिचे दोन्ही हात धरले. हात उबदार होते. बोटं मात्र तिच्या मुठीतसुद्धा शेंगा सोलत राहिली.

"कंदीपासनं हाय असं?"

"काल दुपारपासून, वन्सं. मी जेवायला घरी आले होते, साडेबारा झाले असतील. आत्याबाई वाल सोलत बसल्या होत्या. एकदम कान टवकारले. म्हणाल्या, 'आले गं शकू, आले!' सूप बाजूला टाकलं नि उठून धावल्या. मला वाटलं तुम्ही दारात आलात. मी बघते तर दारात कोणी नाही, आणि आत्याबाई उंबऱ्यावर बसल्यात त्या बसल्यात."

काल साडेबाराला शकू कुठं उभी होती ते तिला ठाऊक होतं. पण मी आईला कुठं हाक मारली, असं ती स्वतःशीच म्हणत होती. खाटेवर डॉक्टरचा कागद पडलेला. तिनं उचलला. वर निळ्या पेनानं नाव होतं, आणि सवयीनं तिचं बोट त्या नावावरून फिरलं. गौ, रा, बा, ई.

आता कुणी म्हणेल, पोटच्या पोरीला आईचं नाव ठाऊक नव्हतं काय? होतं की. पण सांगा बरं, तुम्ही तुमच्या आईला कधी नावानं हाक मारलीत? आई म्हणजे आय. तिचं नाव रेशनकार्डावर असतं आणि ते कार्ड डब्यात असतं. बावन्न वर्षांत शकूच्या तोंडून ते नाव हाक म्हणून कधी निघालंच नव्हतं. निघालं ते काल, परक्याच्या दारात, परक्याच्या बिऱ्हाडासोबत चला म्हणून.

"अवो," ती गजाला म्हणाली, "मीच नेली हो तिला. मीच."

तिनं हर्षलाला फोन लावला. डबा कुठं आहे विचारलं. हर्षला म्हणाली, "आरोहीकडंच आहे मावशी, रात्री उशाशी घेऊन झोपली. आजीचा डबा आहे म्हणते. सकाळी आजीसाठी वेगळं ताट मांडायला लावलं. बाबा तर इतके खुशीत आहेत!"

"तिला इचार, आजी दिसती कशी."

पलीकडं थोडी कुजबुज झाली. मग हर्षलाचा आवाज बदललेला आला. "मावशी, ती म्हणते, आजीचा एक डोळा पांढरा आहे. आमच्या सासूबाईंचे तर फोटोत दोन्ही डोळे चांगले आहेत."

गजानं किल्ली घेतली. जयवंताला शकूनं एवढंच सांगितलं की दुपारपर्यंत आईला हलवू नको, नाहीच काही झालं तर पनवेलला ने. कळंब ते कुंभिवली वाट काही फार नाही, पण त्या दिवशी ती सरेना. गजा, जो एरवी चारफाट्यावर वडापाव खाल्ल्याशिवाय पुढं जात नाही, तो थांबलासुद्धा नाही.

फ्लॅटचं दार सहदेवबाबांनी उघडलं, आणि शकूनं सांगितलेलं ऐकून घेतल्यावर ते दारातच आडवे उभे राहिले.

"काय पन बोलू नगंस शकू. भागू हाय ती. काल माज्या शेजारी बसून आली. सोळा वर्सांनी माज्या घरात माज्या बायकूचं ताट मांडलं, नि तू तिला न्यायला आलीस?" 

"बाबा, तो डबा कोनाचा सांगा आधी. कडीचा, माळ्यावरचा."

म्हातारा आठवायला लागला. आठवता आठवता त्याचा चेहरा उतरत गेला. वीसेक वर्षांपूर्वी भागूबाई कळंबला कुणाच्या तरी लग्नाला गेली होती. निघताना एका बाईनं घरच्या पोरांसाठी डबाभर बुंदी दिली. डबा परत करायचा होता. पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, त्यात काहीतरी घालून द्यायचं म्हणून भागूबाईनं ठेवला. कधी लाडू केले की देऊ, कधी नवे तांदूळ आले की देऊ. मग ती आजारी पडली आणि डबा माळ्यावर गेला.

"ती बाई म्हंजी माजी आय," शकू म्हणाली. "जिती हाय अजून. तिकडं उंबऱ्यावर बसलीय, नि आत कोनी नाय."

सहदेवबाबा बाजूला झाले. भिंतीला टेकून खाली बसले. "मंग माजी भागू कुटं हाय गं?" त्यांनी विचारलं. कालचा पोटऱ्यांवरचा वारा शकूला आठवला. "असंल बाबा. लाजरी हाय, तुमीच म्हनालात," एवढंच तिला सुचलं, आणि म्हाताऱ्यानं ते मुकाट्यानं मानून घेतलं.

गॅलरीत आरोही पाय पसरून बसली होती. समोर डबा. तिनं मान वर केली. "आजी म्हनते, शकू आली. उशिरा आली."

शकूनं हर्षलाकडून पसाभर तांदूळ घेऊन डब्यात घातले. वीस वर्षांनी का होईना, डबा भरलेला परत निघाला. तो घेऊन ती दाराबाहेर गेली, घराकडं तोंड केलं. कालच्यासारखाच कडक, धंद्याचा आवाज लावला. "गौराबाई, चला."

काहीच हललं नाही. जिन्यात खालच्या कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज तेवढा येत होता.

"गौराबाई, चला!"

आरोही आतून म्हणाली, "आजी म्हनते, ही कोनाला बोलवते? हितं तर आरोही नि आरोहीची आजीच हाय."

मग शकूचा सगळा कडकपणा गेला. नाव घेऊन आणलं होतं, तर नाव घेऊनच न्यायचं, असं ती धरून बसली होती. पण आईला आता नावाची हाक पुरत नव्हती. लहानपणी शेतातून धावत येऊन मारायची, तसा तिचा आवाज फुटला. "आय! चल गं घरी. आय!"

पोटऱ्यांवरून वारा गेला नाही. कुणीतरी तिच्या पदराचं टोक हातात धरलं. तेवढंच. आणि आत आरोहीनं भोकाड पसरलं. शकूला वळून बघता येईना. रडं ऐकतच ती तीन जिने उतरली. गाडीत गजा न सांगता दाराकडं सरकून बसला, आणि दोघांच्या मधली जागा त्यांनी कळंबपर्यंत मोकळी ठेवली.

आईच्या मांडीवर डबा ठेवल्यावर आधी बोटं थांबली. मग डावी पापणी हलली, मग उजवी. आईनं डब्याकडं बघितलं, झाकण उघडून तांदूळ चाचपले. "बुंदी दिली होती," ती म्हणाली. "तांदूळ देतात व्हय?" जयवंता तिथंच खाली बसून रडायला लागला. संजना पाणी आणायला धावली आणि तांब्या न घेताच परत आली.

शकू आईच्या गळ्यात पडली. "आय, कशाला गं गेलीस? परक्याच्या घरी बोलवल्यावर कशाला उठलीस?"

"परकं कुटलं? तुजा आवाज आला. म्हनलं, आली बया न्यायला." आईनं खाटेखाली बोट दाखवलं. तिथं एक गाठोडं होतं. दोन लुगडी, फणी, औषधाच्या गोळ्या, एक चादर, नीट चौपदरी गाठ मारलेलं. संजना खाली मान घालून म्हणाली, "तीन वर्षं झाली, रोज सकाळी बांधतात वन्सं, रात्री सोडतात. आम्ही दोघं कामावर असतो ना. विचारलं तर सांगत नव्हत्या."

तालुक्यातली एवढी बिऱ्हाडं शकूनं बांधली. आणि आई तीन वर्षं गाठोडं बांधून बसली होती, ते तिला दिसलं नाही. खरं सांगायचं तर दिसलं असतं तरी तिनं काय केलं असतं? मुलगा असताना आई जावयाच्या घरी राहायला लागली तर लोक मुलाच्या तोंडात शेण घालतात, या भीतीपायी तिनं आईला कधी 'चल' म्हटलंच नव्हतं. गजा मात्र पहिल्यापासून म्हणत होता, आण की गं, एक खाट टाकली की झालं. त्या दिवशी शकूनं लोकांना चुलीत घातलं. जयवंताला म्हणाली, "आयला मी नेते. तुला वाईट वाटू दे नायतर नको." आणि गाठोडं उचललं.

वाटेत आई दोघांच्या मधे बसली. बोलत होती, हसत होती. लांबवर पळसदरीकडचा, कुंभिवलीच्या वाटेवरचा डोंगर दिसला तसं म्हणाली, "त्या पोरीला सांगून आलेय गं, परत येते म्हनून. लई रडत होती. मला म्हनाली, आजी, तू हितंच ऱ्हा. असं मला आजवर कोनी म्हनलं नव्हतं."

"मे महिन्यात जाऊ तिला भेटायला," शकू म्हणाली.

"बघू," आई म्हणाली.

अकरा दिवस आई कडावला राहिली. ओसरीत बसून वाल सोलायची, गजाची चेष्टा करायची. शकूनं त्या अकरा दिवसांत एकही बिऱ्हाड घेतलं नाही, दोन मुहूर्त फिरले. तिला वाटायला लागलं, सुटलो. बाराव्या दिवशी दुपारी ती भाजीला फोडणी देत होती आणि ओसरीतनं आई स्पष्ट म्हणाली, "आले गं बाय, आले." शकू पळी टाकून धावली. आई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप, आणि या वेळी बोटं चालत नव्हती. छातीशी कान लावला, काही नाही. डॉक्टर शेजारच्याच गल्लीत होता, पाच मिनिटांत आला, आणि त्यानंही मान हलवली.

शकू उठून दाराबाहेर गेली. घराकडं तोंड करून "आय!" म्हणाली. परत म्हणाली. घरातून काही आलं नाही, गल्लीतूनही काही आलं नाही. गजानं येऊन तिला धरलं.

तेवढ्यात फोन वाजला. हर्षलाचा. तिला इकडचं काहीच ठाऊक नव्हतं.

"मावशी, कामात आहात का? नाही, म्हटलं विचारावं. आरोहीनं आज परत दुसरं ताट मांडायला लावलंय. आत्ता, पाच मिनिटं झाली. आजी आली म्हणते. मला जरा भीती वाटतेय हो. तुम्ही येऊन हाक मारता का?"

शकूनं ओसरीकडं बघितलं. गजा तिच्या तोंडाकडं बघत होता.

"नको," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तिला. भात तेवढा मऊ शिजवत जा, बाय. आयला दात नायत."